मुठीएवढं डावीकडे

१

तृप्तीला बदलायचा भारी नाद होता. बाण मधल्या पिवळ्या वर्तुळात बसला नाही, की तिच्या मते दोष बाणाचा. बाण बदलले की पिसं जड वाटायची, पिसं बदलली की दोरी जाड, आणि दोरी बदलली की धनुष्याची मूठच हाताला परकी लागायची. भोकरदनच्या तिच्या भाड्याच्या खोलीत कपाटावर लोणच्याच्या बरण्यांसारखी धनुष्यं ओळीनं उभी होती. पार्सल आणणारा माणूस आता पत्ता वाचत नसे, खालूनच हाक मारायचा. शाळेत ती गणित शिकवायची. उत्तर चुकलं तर पेन्सिल बदलू नका, पायऱ्या तपासा, असं पोरांना रोज सांगायची, आणि हे शहाणपण शाळेच्या फाटकापाशी ठेवून घरी यायची.

लाकडी धनुष्याच्या राज्य निवडीत ती दरवर्षी थोडक्यात हुकत होती. तिच्यानंतर शिकायला लागलेल्या मुली पुढे निघून गेल्या होत्या आणि हल्ली कुणी वय विचारलं तर ती विषय बदलायची. वडीगोद्रीला तिची आई गोजरबाई एकटीच राहायची. लेक रविवारी तरी येईल म्हणून वाट पाहायची, आणि लेक रविवारी हसनाबादला नेम धरून उभी असायची, तिथून नुसता फोन करायची.

हसनाबादला काकासाहेब होते. बंद पडलेल्या जिनिंगची, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याची, राखण करायचे आणि तिथल्याच खोलीत राहायचे. एके काळी तिरंदाजीत त्यांचं मोठं नाव होतं. बायको गिरिजा जाऊन खूप वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला होता. तृप्ती त्यांच्याकडे कधीपासून शिकत होती. त्या वर्षी दसऱ्याला, शस्त्रपूजा झाल्यावर, त्यांनी आपलं स्वतःचं बांबूचं धनुष्य तिच्या हातात ठेवलं. मुठीला झेंडूची पाकळी चिकटलेली होती.

"पुढच्या दसऱ्यापर्यंत यातलं काही बदलायचं न्हाई," ते म्हणाले. "बाण न्हाई, पिसं न्हाई, दोरी तं बिलकुल न्हाई. जमंल?"

तिनं लगेच हो म्हटलं. त्या धनुष्यासाठी तिनं वर्षभर चहा सोडायलाही हो म्हटलं असतं.

२

जिनिंगचं गोदाम लांबच लांब होतं. वर पत्रे, पत्र्यांना भोकं, भोकांतून खाली उतरणारे उन्हाचे कवडसे. यंत्रं कधीच विकली गेली होती, पण कापसाचं तूस काही गेलं नव्हतं. ते अजून हवेत तरंगायचं, केसांवर बसायचं, आणि कवडशात आलं की दिसायचं. समोरच्या भिंतीला लाकडी फळ्या होत्या. त्यांच्यापुढे तरटात घट्ट भरलेल्या निकामी कापसाच्या गाठी रचून बाणांसाठी आड केलेली. मधोमध लक्ष्याचा कागद, आणि डाव्या कोपऱ्यात अंगणात उघडणारं एक दार. अंगणापलीकडे काकासाहेबांची खोली. नेम चालू असताना ते दार आतून कडी लावून बंद असायचं, आणि काकासाहेब तृप्तीच्या मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून ऐकायचे. त्यांना आता धड दिसत नव्हतं. दोरीच्या आवाजावरून ते बाण कसा गेला ते सांगायचे.

सुरुवातीला बाण कुठेही गेले. मग दिवाळीच्या सुमारास एका सकाळी सगळे बाण एकमेकांना खेटून बसले. इतका घट्ट झुपका तिच्या हातून जन्मात कधी पडला नव्हता. एवढंच, की तो पिवळ्यात नव्हता, पिवळ्याच्या डावीकडे होता. तिचे हात लगेच शिवशिवले. दोरीला दोन पीळ दिले की काम झालं, असं तिच्या मनात आलं.

ती वळून म्हणाली, "काका, सगळे एका जागी आहेत, पण डावीकडं."

"किती?"

"मुठीएवढं."

"मुठीएवढं डावीकडं," काकासाहेबांनी हळूच म्हटलं. त्यांनी लक्ष्याकडे पाहिलंच नाही. जिथं त्यांची मान वळली तिथं कोपऱ्यातलं दार होतं.

३

पुढच्या आठवड्यात झुपका आणखी डावीकडे गेला. त्याच्या पुढच्या आठवड्यात तो कागदाबाहेर पडून गाठींवर गेला. बाण मात्र तसेच एकमेकांना खेटून, एका उंचीवर.

तृप्तीनं आधी स्वतःला दोष दिला. उभं राहणं तपासलं, खांदा तपासला, बोटं सुटताना दोरी ओढली जाते का ते मोबाइलवर चित्रण करून पाहिलं. जालन्याला जाऊन डोळेही दाखवून आली. सगळं ठीक होतं. दोरी थकली असती तर बाण खाली पडले असते किंवा विखुरले असते. ते नीट, शिस्तीत, एका बाजूला सरकत कशाला गेले असते?

एका रविवारी जालन्याहून धम्मपाल आला. तो एका शाळेत क्रीडाशिक्षक होता, तिच्याबरोबर स्पर्धांना जायचा, आणि सामानाच्या बाबतीत तिच्या वरताण होता. त्यानं स्वतःच्या धनुष्यानं बाण मारले, ते पिवळ्यात बसले. मग काकासाहेबांचं धनुष्य घेऊन मारले, आणि ते तिच्या झुपक्यातच जाऊन बसले. धम्मपाल हसला, पण हसू अर्ध्यातच थांबलं. त्यानं धनुष्य तिला परत केलं आणि हात पँटला पुसले.

"दोरी गेली ह्याची," तो म्हणाला. पिशवीतून नवी दोरी काढून त्यानं तिच्या हातात ठेवली. "पाच मिनिटांचं काम हाय, मॅडम. संक्रांतीनंतर निवड हाय. वचन-बिचन ठेवा बाजूला."

खुर्चीच्या हातावरची काकासाहेबांची बोटं आवळली गेली. तृप्तीनं दोरी पिशवीच्या आतल्या कप्प्यात टाकली. फेकली नाही, हे तिचं तिला कळत होतं.

४

मग एका दुपारी ती एकटी असताना तिनं मुद्दाम नेम उजवीकडे धरला. उजव्या टोकाला फळीत एक खिळा होता, त्याच्यावर. बाण सुटला आणि डावीकडे, झुपक्यात जाऊन बसला.

तिनं पुन्हा खिळ्यावर धरला. पुन्हा तिथेच. मग झुपक्याच्याही डावीकडे, दाराच्या कडीवर धरला. पुन्हा तिथेच.

ती मटकन खाली बसली. बाण आपण मारत नाही, कुणीतरी तिकडून बोलावतंय आणि तो जातोय, असं तिला वाटलं. गणिताच्या बाईला असलं काही वाटणं शोभत नाही, म्हणून तिनं वाऱ्याचा विचार केला, बाणाच्या वाकाचा केला. तो विचार फार लांब गेला नाही.

त्या दिवसापासून ती झुपक्याच्या जागी खडूनं खूण करू लागली. खुणांची ओळ झाली. दोन खुणांमधलं अंतर सारखंच होतं, आणि उंचीही. उभ्या माणसाची छाती येईल तेवढी. गाठीत रुतलेला बाण काढायला एरवी पाय टेकवून दोन्ही हातांनी ओढावं लागे. हे बाण मात्र हात लावताच सुटायचे. समोरच्यानं हातातली वस्तू आपल्या हाती द्यावी, तसे. बाण लागल्याचा आवाजही धप्प असा येत नसे. फार हळू यायचा, घडी घातलेल्या घोंगडीवर कुणी हात ठेवावा एवढाच. आणि तो आला, की पत्र्याखालची सगळी कबुतरं गप्प व्हायची.

तिनं काकासाहेबांना यातलं काही सांगितलं नाही. ते हल्ली अर्ध्या भाकरीवरच ताट सारत होते. तिनं त्यांना जालन्याच्या दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी वय झालंय म्हणून गोळ्या दिल्या, आणि परतीच्या वाटेवर काकासाहेबांनी तिला फक्त एवढंच विचारलं, की झुपका आता कुठवर गेलाय.

५

बाण खाऊन खाऊन एक गाठ फाटली आणि खाली बसली. तिच्यामागची लाकडी फळी उघडी पडली. तृप्ती गाठ सरळ करायला गेली तेव्हा तिला फळीत जुनी भोकं दिसली. कडा काळ्या पडलेली, कापसाच्या तुसानं बुजलेली, एकमेकांना खेटून असलेली. तिनं शेजारची गाठ सरकवली. तिथंही होती, थोडी डावीकडे. मग आणखी एक सरकवली. छातीएवढ्या उंचीवर भोकांचे झुपके दाराच्या दिशेनं चालत गेले होते. दारापासून जरा अलीकडे ते संपले. पुढची फळी कोरी होती.

गोदामात ती एकटी नव्हती. मागे खुर्चीत काकासाहेब होते, आणि तिला गाठी ओढताना ते ऐकत होते.

"काका, ही भोकं पुढं का नाहीत?"

"तिथं मी दोरी बदलली," काकासाहेब म्हणाले.

तृप्ती त्यांच्या पायाशी येऊन बसली.

"मग?"

"मंग नेम बराबर बसला. पिवळ्यात. स्पर्धेला गेल्तो, पदक मिळालं." त्यांची मान दाराकडे वळली. "पण ते कुठवर आलंय, हे मला पुन्हा कळलं न्हाई. पदक घेऊन घरी आल्तो, तं गिरिजा न्हवती. जाताना माझं नाव घेत होती म्हणे. शेजारणीनं सांगितलं."

ते म्हणजे काय, असं विचारायला तृप्तीनं तोंड उघडलं आणि मिटलं. काकासाहेबांनाही ते ठाऊक नव्हतं. त्यांनी फक्त त्याची ओळ पाहिली होती, आणि ती मध्येच पुसली होती. आता तीच ओळ दाराकडे चालली होती, आणि दारापलीकडे एकच माणूस राहत होता.

६

निवडीच्या आधीच्या शुक्रवारी झुपका शेवटच्या गाठीवर होता. त्याच्यापुढे गाठ नव्हती, दाराची चौकट होती.

मागची खुर्ची रिकामी होती. काकासाहेब त्या दिवशी खोलीतून बाहेरच आले नव्हते. तृप्तीनं धनुष्याची जुनी दोरी उतरवली, पिशवीतून धम्मपालची नवी दोरी काढली आणि तिचं एक टोक धनुष्याच्या खाचेत बसवलंसुद्धा.

काय बिघडणार होतं? म्हातारा माणूस, थंडीचे दिवस. ती असली काय आणि नसली काय, व्हायचं ते होणारच. तिच्या हातात फक्त रविवारची निवड होती. नवी दोरी चढवली की बाण पिवळ्यात बसणार, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. इतकी वर्षं ज्याच्यासाठी तिनं कपाटावर बरण्या रचल्या, ते पाच मिनिटांवर आलं होतं. आणि मग पुढचं बघायला नको होतं. खुणा नको, कबुतरांचं गप्प होणं नको, ती ओळ नको. सगळ्यात जास्त ओढ तिला त्याचीच वाटली, आणि त्याची तिला लाज वाटली.

गोदामात काहीच हलत नव्हतं. तूस तरंगत होतं. शेवटच्या गाठीपाशी मात्र ते तरंगत नव्हतं, तिथली हवा मोकळी होती. ती बराच वेळ तिकडे बघत राहिली. कुणी वाट पाहत उभं असलं की जशी शांतता असते, तशी तिथं होती. तिच्यात घाई नव्हती. रागही नव्हता. तृप्ती एकदम रडायला लागली, आणि का ते तिला सांगता आलं नसतं.

तिनं नवी दोरी काढून पिशवीत टाकली आणि जुनीच चढवली.

७

रविवारी सकाळी धम्मपालचे फोनवर फोन आले. निवडीच्या मैदानावर तिचं नाव पुकारलं जात होतं. त्यानं तिला चांगलंच सुनावलं. तिनं ऐकून घेतलं, पण आपण कुठं आहोत ते सांगितलं नाही. पुण्याला काकासाहेबांच्या मुलाला तिनं कळवलं होतं, तो निघाला होता.

दुपारी काकासाहेब म्हणाले, मला खुर्चीत बसव. तिनं त्यांना धरून अंगणातून गोदामात आणलं आणि तिच्या मागच्या, नेहमीच्या जागी बसवलं. ते पिसासारखे हलके झाले होते. दम सावरून त्यांनी दार उघडं ठेवायला सांगितलं. तिनं अंगणात जाऊन पाहिलं. कुणी नव्हतं. बाहेरचं फाटक लावून ती परत आली आणि दार सताड उघडलं. उन्हाचा एक मोठा चौकोन गोदामात आला.

"नेम पिवळ्यावरच धर," ते म्हणाले.

तिनं पिवळ्यावर धरला. दोरी ओठांपर्यंत ओढली आणि सोडली.

आवाज आला नाही. गाठीचा नाही, फळीचा नाही, अंगणातल्या भिंतीचाही नाही. तृप्तीनं धनुष्य खाली केलं आणि दाराकडे पाहिलं. दाराच्या चौकटीत, छातीच्या उंचीवर, बाण अधांतरी होता. त्याची पिसं अजून थरथरत होती. त्याच्यामागे काहीच नव्हतं, फक्त ऊन होतं, आणि उन्हात वरून उतरणारं तूस. ते तूस कशावर तरी बसत होतं. एका खांद्याचा उतार तिला दिसला. एक कोपर दिसलं, काही घ्यायला पुढे केलेल्या हाताचं. त्याच्या वरचं बघायला तिनं मान उचलली, आणि पुन्हा खाली घातली. बघायची बंदी नव्हती. तिला ते पेललं नसतं, एवढंच.

तिला भीती वाटली नाही. आपण फार लहान आहोत असं वाटलं, आणि त्या लहान असण्यात कसलं तरी मोठं सुख होतं.

बाण सावकाश खाली आला आणि उंबऱ्यावर आडवा ठेवला गेला.

"आवाज न्हाई आला," काकासाहेब म्हणाले. "किती लांब हाय?"

तृप्ती त्यांच्यापाशी गेली, धनुष्य खाली ठेवलं आणि त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"दारात आहे, काका."

त्यांनी दुसऱ्या हातानं टोपी सरळ केली, सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"मंग तू बस इथंच," ते म्हणाले. "उठू नको."

ती उठली नाही. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही, त्यांच्या तोंडाकडेच पाहत राहिली. पत्रे उन्हानं तडकत होते, कबुतरं गप्प होती. खुर्चीच्या हातावर तूस येऊन बसू लागलं. काकासाहेबांनी तिच्या खांद्यावरून कुणाकडे तरी पाहिलं, डोळे मोठे केले, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्यांना नीट दिसत असावं तसं पाहिलं. त्यांच्या बोटांची पकड थोडी घट्ट झाली. मग हात सैल सुटला, गाठीतून ते बाण सुटायचे तसा.

८

उन्हाळ्यात तृप्ती पुन्हा गोदामात गेली. काकासाहेबांच्या मुलानं किल्ली तिच्याकडेच ठेवली होती. तिनं पहिला बाण पिवळ्यावर धरला आणि तो पिवळ्यात बसला. त्याच्यामागचे सगळे पिवळ्यात बसले. धम्मपाल येऊन बघून गेला. शेवटी बदललीच ना दोरी, असं म्हणाला, आणि तिनं नाही म्हटल्यावर त्यानं धनुष्याला हात लावला नाही. पार्सलवाला माणूस आता तिच्याकडे येईनासा झाला होता. पुढच्या निवडीत तिचं नाव नक्की, असं सगळे म्हणत होते. तिलाही तसंच वाटत होतं. पावसाळाभर ती सुखात होती.

दसऱ्याच्या थोडं आधी, एका बुधवारी शाळा सुटल्यावर, तिनं बाण मारले आणि ते काढायला गेली. सगळे एकमेकांना खेटून होते. पिवळ्याच्या डावीकडे, बोटभर.

पहिला बाण हात लावताच सुटला.

तृप्ती तिथंच उभी राहिली. खुर्ची रिकामी होती, तरी तिनं वळून तिच्याकडे पाहिलं. मग पिशवीच्या कप्प्यातून धम्मपालची नवी दोरी काढली. गुंडाळलेली, अजून चकाकती. थोडा वेळ ती तळहातावर तोलली. मग फाटलेल्या गाठीशी वाकून त्या दोरीनं तरट करकचून आवळलं आणि घट्ट गाठ मारली. खिशातून खडू काढला आणि झुपक्याच्या जागी पहिली खूण केली.

दारापलीकडच्या खोलीत आता कुणी राहत नव्हतं. दाराला तिनं कडी लावली नाही. अंगणात येऊन पायरीवर बसली आणि वडीगोद्रीला फोन लावला.

"काय झालं गं?" गोजरबाईनं घाबरून विचारलं. "आज तं रविवार न्हाई."

"काही न्हाई, आई," तृप्ती म्हणाली. "जेवू नको एवढ्यात. मी येऊन राह्यले."